टाका पूर्ण होईपर्यंत

१

चिंगीनं चाळिशी ओलांडली, कानांवरचे केस पांढरे झाले, बारीक अक्षराला चष्मा लागला; तरी घरात ती चिंगीच राहिली. हे नाव बाबांनी ठेवलं होतं, आणि बाबांनी ठेवलेली कुठलीही गोष्ट त्या घरात सहसा कोणी हलवत नसे. मागच्या खोलीतला त्यांचा कॉम्प्युटरसुद्धा होता तिथेच होता, आईच्या शिलाई मशीनच्या बरोब्बर समोर. काम करता करता नवरा-बायकोला एकमेकांची तोंडं दिसावीत म्हणून केलेली ही मांडणी. उभा संसार त्या दोघांनी असा समोरासमोर बसून केला. ती कपडे शिवायची, ते प्रोग्राम लिहायचे, आणि भांडण झालं तर दोघंही जरा जोरात बडवायची, ती पेडल आणि ते कीबोर्ड.

'बेतणी' हा प्रोग्राम बाबांनी आईसाठीच लिहिला. माणसाची मापं घातली की कापड कुठून कसं कापायचं ते तो आखून द्यायचा. आईनं आधी नाक मुरडलं, मग गुपचूप वापरून पाहिला, मग तिच्या ओळखीच्या शिंप्यांनी मागून घेतला, आणि बघता बघता गावोगावची दुकानं त्यावर विसंबून राहू लागली. गेल्या वर्षी बाबा गेले आणि बेतणीची देखभाल चिंगीकडे आली. दुकानांचे फोन दाढी घ्यायचा. दाढी म्हणजे तिचा कॉलेजपासूनचा मित्र आणि आता कामातला जोडीदार. त्याचं खरं नाव त्याच्या बँकेला ठाऊक असावं.

रोज दुपारी जेवणं झाली की चिंगी बाबांची जुनी स्क्रिप्ट चालवायची. केलेले बदल गोळा करून ती स्क्रिप्ट नवा प्रोग्राम बांधायची, चालू असलेल्या जुन्याला थांबायला सांगायची, आणि तो थांबला की त्याच्या जागी नवा चालू करायची. सगळं आपोआप. जुना थांबेपर्यंत पडद्यावर बाबांनी लिहिलेली एक ओळ यायची: 'टाका पूर्ण होईपर्यंत थांबतो', आणि तिच्यापुढे एखाद-दुसरा ठिपका उमटायचा.

ती ओळ आईची होती. कुठे बाहेर जायचं ठरलं की बाबा वेळेआधी तयार होऊन पॅसेजमधल्या वेताच्या खुर्चीत बसायचे आणि आई मशीनवरून ओरडायची, "एवढा टाका पुरा करते आणि आलेच!" तो टाका अर्धा-अर्धा तास चालायचा. बाबा चिडायचे नाहीत. नुसते हातातल्या किल्ल्या वाजवत राहायचे. किण, किण, किण.

"चालत्या कामाला उडवायचं नाही, चिंगे," ते तिला शिकवताना म्हणायचे. "सांगायचं, आणि थांबायचं. तुझ्या आईनं मला एवढं एक पक्कं शिकवलंय."

२

त्या दुपारी ठिपके थांबेनात.

एक ओळ भरली, दुसरी सुरू झाली. चिंगीनं बडीशेप चघळत थोडा वेळ पाहिलं. जुनं यंत्र आहे, दम लागत असेल. समोर आई मशीनवर वाकली होती. बाबांचा तपकिरी कोट शिवत होती.

या कोटाची कथा घरात सगळ्यांना पाठ होती. लग्न झालं तेव्हाच आईनं हे कापड घेतलं होतं आणि तेव्हापासून बाबांचा नंबर शेवटी लागत होता. आधी गिऱ्हाइकं, मग शेजारपाजार, मग चिंगीचे फ्रॉक. बाबा सगळ्यांना सांगत फिरायचे, "माझी बायको अख्ख्या गावाला कपडे घालते, मी मात्र उघडा." कोट कधी झालाच नाही. आता, ते गेल्यावर, आईनं कापड पेटीतून काढलं होतं. कशाला, असं चिंगीनं विचारलं नाही. हात गुंतलेले राहतात, बरं असतं.

ठिपके चालूच होते. आणि मग चिंगीच्या लक्षात आलं की ठिपक्यांबरोबर आवाज येतोय.

किण. ठिपका. किण. ठिपका.

आवाज पॅसेजमधून येत होता. शेजारी आले असतील बाहेरून, तिनं स्वतःला सांगितलं. दार उघडायला वेळ लागत असेल. मग तिची नजर समोरच्या भिंतीवर गेली. बाबांचा किल्ल्यांचा जुडगा खिळ्याला टांगलेला होता, त्यांच्या वेळेपासून असायचा तसाच. तो जराही हलत नव्हता.

"आई, काही ऐकू येतंय का ग?"

"काय?" आईनं मान वर केली नाही. ओठांत टाचणी होती, पण ती हसत होती. नवी नवरी हसते तसं, खाली मान घालून.

३

दाढीनं फोनवर सगळं ऐकून घेतलं. किल्ल्यांचं सोडून, ते चिंगीनं सांगितलंच नाही.

"जुना थांबलाय का आधी ते बघ," तो म्हणाला.

जुना प्रोग्राम केव्हाच थांबला होता. सांगितल्यासरशी हातातलं आवरून गेलाही होता.

"मग स्क्रिप्ट कोणाची वाट बघतेय?"

"तेच तर तुला विचारतेय मी."

दाढीला चटकन उमगलं. कॉम्प्युटरवर जे काही चालू असतं त्याला एक नंबर मिळतो, दवाखान्यातल्या टोकनसारखा. एकाचं काम संपलं की तोच नंबर पुढेमागे दुसऱ्याला मिळू शकतो. बाबांच्या स्क्रिप्टमध्ये एक बारीकशी चूक होती: ती फक्त नंबर बघायची, नंबर कोणाकडे आहे ते बघायची नाही. जुना उठून गेला आणि त्याचं टोकन घेऊन तिथे दुसरंच कोणी बसलं, तर स्क्रिप्ट बिचारी त्याच्यासाठी ताटकळत बसणार.

"बाबांसारखा माणूस अशी चूक करेल असं वाटलं नव्हतं," दाढी म्हणाला. "जाऊ दे. नंबरावर कोण बसलंय बघ आणि उडवून टाक. एका फटक्यात."

चिंगीनं पाहिलं. त्या नंबरापुढे नाव नव्हतं. कुठून सुरू झालं त्याची नोंद नव्हती. 'चालू आहे' एवढंच होतं.

तिनं उडवायची आज्ञा टाइप केली, आणि बाबांची आठवण होऊन तिचा हात अडला. आधी सांगायचं. ती आज्ञा पुसून तिनं साधी, सभ्य आज्ञा लिहिली, थांबण्याची विनंती करणारी, आणि एंटर दाबलं.

समोरचं शिलाई मशीन खाडकन थांबलं.

आईनं मान वर केली. "आले, आले," ती म्हणाली. "एवढा टाका पुरा करते."

ती चिंगीकडे बघत नव्हती. तिची नजर चिंगीच्या खांद्यावरून पार पॅसेजकडे गेली होती.

४

योगायोग, चिंगीनं ठरवलं. ती काही अशा गोष्टींवर विश्वास ठेवणारी नव्हती. प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसाला एकदा घडलेली गोष्ट पुरत नाही; पुन्हा करून बघावी लागते.

म्हणून आई चहा टाकायला उठली तेव्हा तिनं मुद्दाम खुर्ची अशी वळवली की स्वयंपाकघराचं दार दिसावं. आई पाठमोरी होती. एका हातात गाळणी, दुसऱ्या हातात पातेलं. चिंगीनं पुन्हा तीच विनंती पाठवली. आवाज नाही, काही नाही, नुसतं एक बटण दाबणं.

आईचा हात ओतता ओतता थांबला. चहाची धार तुटली.

"हो, हो, ऐकलं मी!" आई वैतागून म्हणाली, पण वैताग लटका होता. "सारखं सारखं काय? म्हाताऱ्या माणसाला हात आवरायला वेळ लागतो की नाही?"

आणि पॅसेजमधून, आता अगदी स्पष्ट, किण, किण.

तिसऱ्यांदा करून बघायची चिंगीची छाती झाली नाही. मघाशी आपण सभ्य आज्ञेच्या जागी दुसरी पाठवली असती तर काय झालं असतं, हा विचार तिच्या मनात आला. तिनं कीबोर्डची वायर उपसली आणि तो कपाटावर ठेवून दिला, लहान मुलाचा हात पोचू नये म्हणून सुरी ठेवतात तसा. घरात लहान कोणी नव्हतं. तिला स्वतःच्याच हाताची भीती वाटली होती.

दाढीला तिनं एवढंच सांगितलं की इथलं यंत्र बिघडलंय, काही दिवस बेतणी तुझ्या कॉम्प्युटरवरून चालव. पडद्यावर ठिपके पडत राहिले.

"चहा घे ग," आई म्हणाली. तिनं जुन्या सवयीनं तीन कप भरले होते. तिसरा पॅसेजमध्ये नेऊन ठेवला.

५

कोट झपाट्यानं आकाराला येऊ लागला. बाह्या लागल्या, अस्तर बसलं, काजं झाली. आईनं आयुष्यात इतकं नेटकं काम केलं नसेल. आणि जसजसा कोट भरत होता तसतशी आई रिकामी होत होती. दोन घासांत जेवण उरकायची. बांगड्या कोपरापर्यंत जाऊ लागल्या. डॉक्टरीणबाई येऊन तपासून गेल्या आणि म्हणाल्या, वयाचं आहे सगळं, आराम करू दे.

आराम म्हणजे दुपारी अंथरुणावर पडणं. चिंगी पायाशी बसून असायची. आई गाढ झोपलेली, श्वास संथ, आणि पांघरुणाखाली तिचा उजवा पाय खालीवर, खालीवर. पेडल मारावं तसा. चिंगीनं तो हलकेच दाबून धरला तर तो थांबेना. थांबायला सांगितलंय आणि थांबता येत नाहीये, असं काहीतरी त्या पायात होतं. चिंगीला रडू कोसळलं.

कोटाची बटणं राहिली होती. जुनी, शिंगाची, बाबांनी स्वतः निवडलेली. आई एकेक करून लावत गेली, आणि ती झोपलेली असताना चिंगीनं शेवटचं बटण डब्यातून उचलून स्वतःच्या खिशात टाकलं.

उठल्यावर आईनं डबा पाहिला. मशीनखाली पाहिलं. ड्रॉवर उपसले. तिनं कोणाला दोष दिला नाही, आदळआपट केली नाही. सापडेल म्हणाली. पण मग ती कोट मांडीवर घेऊन नुसतीच बसली, हात रिकामे आणि पाय चालू, आणि मशीनमध्ये कापड नसताना सुई खालीवर होत राहिली. दिवस गेला तरी होत राहिली.

६

आपण बटण लपवण्यापेक्षा वाट बघणाऱ्यालाच घालवलं तर? चिंगीला इतका सोपा उपाय आधी सुचला कसा नाही याचंच नवल वाटलं. नंबराला हातही लावायचा नाही. स्क्रिप्टच बंद करायची. वाट बघणारं कोणी उरलं नाही तर जायचंही कारण नाही.

तिनं कीबोर्ड कपाटावरून काढला, जोडला, आणि डोळे मिटून स्क्रिप्ट तोडली.

ठिपके थांबले. किल्ल्यांचा आवाज थांबला. आईचा पायही थांबला. घर एवढं शांत झालं की खालच्या रस्त्यावरचं कोणाचं तरी बोलणं ऐकू आलं. झालं, चिंगीला वाटलं. सुटलो.

"गेले?" आई म्हणाली.

हा आवाज चिंगीनं कधी ऐकला नव्हता. आई उठली, भिंतीला धरून धरून पॅसेजमध्ये गेली. वेताच्या खुर्चीच्या बैठकीवर तिनं हात फिरवला, ऊब लागतेय का ते बघावं तसा. मग ती तिथेच खाली जमिनीवर बसली.

"इतकी वर्षं थांबले," ती म्हणाली. "कधी म्हणून निघून गेले नाहीत. मी आज काय इतका उशीर केला ग?"

चिंगी तिच्याशेजारी बसली, तिला जवळ घेतलं, समजावलं, पाणी दिलं. आई पाणी प्यायली नाही. ती दाराकडे बघत राहिली. जत्रेत हात सुटलेलं मूल असं बघतं. चिंगीला ते सहन होईना. उठून तिनं स्क्रिप्ट पुन्हा चालवली, टाइप करताना दोनदा चुकली. नवा प्रोग्राम बांधून झाला, आणि त्याच जागी येऊन स्क्रिप्ट अडली. टाका पूर्ण होईपर्यंत थांबतो. ठिपका.

किण.

आईच्या अंगात जीव आला. "बघ," ती डोळे पुसत म्हणाली. "मला वाटलंच. जातायत कुठे!"

७

मशीनवर बसून आईनं हात पुढे केला. "बटण दे, चिंगे."

"कुठलं बटण?"

"तुझ्या खिशातलं. लहानपणी लिमलेटच्या गोळ्या लपवायचीस तेव्हाही असाच खिसा धरून चालायचीस."

चिंगीनं खिशावरचा हात काढला नाही. "नाही दिलं तर?"

"नाही दिलंस तर काय! मी इथे, ते तिथे, तू मधे. तिघंही ताटकळत बसू." आई थकल्यासारखी हसली. "माझा पाय दुखतो ग आता."

"मला सोडून जाणार तू."

"जाणार तर होतेच की कधीतरी. सगळ्यांना कोणी न्यायला येतं का? मला आलंय." मग जरा आवाज उतरवून, पॅसेजमध्ये ऐकू जाऊ नये म्हणून, "आणि तेही एकदाचे कोट घालून जातील. किती वर्षं टोमणे ऐकायचे माणसानं?"

चिंगी रडत होती आणि हसतही होती. तिनं बटण आईच्या तळहातावर ठेवलं. ते खिशात राहून गरम झालं होतं. आईनं सुई घेतली, दोरा नेढ्याशी नेला, चुकला, पुन्हा नेला, पुन्हा चुकला.

"दिसत नाही ग. ओवून दे."

हे काम चिंगी लहानपणापासून करत आली होती. तिनं दोरा तोंडात ओला केला, टोक वळलं आणि सुईत ओवून दिला. मुद्दाम वेळ लावावा असं एकदा मनात आलं. नाही लावला.

"कॉम्प्युटरकडे बघ तू," आई म्हणाली. "माझ्याकडे बघू नकोस, माझा हात कापतो."

चिंगी पडद्यासमोर जाऊन बसली. पडद्यापलीकडून दोरा कापडातून सरकल्याचा आवाज येत होता. ठिपका. किण. ठिपका. किण. मग आईनं दातानं दोरा तोडला.

ठिपके थांबले. खाली नवी ओळ आली: 'टाका पूर्ण झाला. पुढचं चालू करतो.'

पॅसेजमध्ये वेताची खुर्ची करकरली, माणूस उठल्यावर करकरते तशी. चिंगीनं मान थोडी फिरवली. फार नाही, खांद्यावरून दाराचा उंबरा दिसेल एवढीच. बाहेरचं दार उघडं होतं आणि ते कोणीतरी धरून ठेवलं होतं. बाबा नेहमी धरायचे तसं, आईला आधी जाऊ देण्यासाठी. तपकिरी बाही दिसली. बाहीच्या टोकाला किल्ल्या होत्या. पुढे तिनं बघितलं नाही. मग दार हलकेच ओढून घेतल्याचा आवाज आला आणि जिन्यावरून दोन माणसं उतरत गेली, एक जरा घाईत, एक पायाला जपून.

पडद्यापलीकडे मशीनचं चाक अजून फिरत होतं. ते पूर्ण थांबेपर्यंत चिंगी तशीच बसून राहिली. मग तिनं मान वर केली. आई मशीनवर डोकं टेकून होती, डुलकी लागल्यासारखी. सुई उशीत नीट टोचून ठेवलेली होती. कोट कुठेही नव्हता, आणि समोरच्या भिंतीवर नुसता खिळा होता.

८

दाढी बरेच दिवस येत राहिला. दुकानांचे फोन घ्यायचा, चिंगीला जबरदस्तीनं जेवायला लावायचा, आईच्या आठवणी काढून स्वतःच रडायचा. बेतणी आता मागच्या खोलीतून पुन्हा सुरळीत चालली होती. दुपारी स्क्रिप्ट चालवली की एखादा ठिपका पडायचा आणि पुढचं चालू व्हायचं.

"ती नंबराची चूक काढलीस ना?" एकदा त्यानं चहा पिता पिता विचारलं. "छोटीशी दुरुस्ती आहे. नाहीतर पुन्हा कधीतरी भलत्याचीच वाट बघत बसेल."

"राहू दे," चिंगी म्हणाली. "कोणाला त्रास आहे तिचा?"

दाढीनं तिच्याकडे पाहिलं. कप धुऊन ठेवून तो गेला.

तो गेल्यावर चिंगीनं आईची पेटी उघडली. तळाशी एक निळं कापड होतं, चांगलं, जड, कधीतरी कोणासाठी तरी घेतलेलं. स्वतःसाठी झगा शिवायचा म्हणून ते तिनं मशीनवर अंथरलं आणि वेताच्या खुर्चीकडे एकदा बघून घेतलं. शिवणातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. म्हणजे हा झगा व्हायला निवांत वेळ लागणार होता.